वस्तुविनिमय खेळातून शिकवताना: पुडी, बाजार आणि 'नाही' म्हणण्याची मुभा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. तिसरी-चौथीच्या 28 मुलांच्या एकत्र वर्गाला वस्तुविनिमय समजावा म्हणून आपण त्यांना घरून एकेक वस्तू आणायला सांगितली आणि वर्गात अदलाबदलीचा बाजार भरवला. पहिली दहा मिनिटे मजेत गेली, मग ओढाताण सुरू झाली, दोन मुले रडली, आणि दुसऱ्या दिवशी एका पालकाने येऊन दिलेली वस्तू परत मागितली. मुलांचे वय लहान पडले, की हा विषयच खेळातून शिकवण्याजोगा नाही, असे आपण विचारता.

माझ्या मते वय योग्य होते आणि विषयही योग्य होता. चूक वस्तूंच्या निवडीत आणि नियमांत झाली. ही चूक मीही केली आहे, आणि आपल्यापेक्षा महाग पडेल अशी केली आहे. नोकरीच्या चौथ्या वर्षी मी असाच बाजार भरवला होता. एका मुलीने पायातली चांदीची साखळी काढून दिली आणि तिच्या बदल्यात चार सुवासिक खोडरबर घेतले. सौदा दोघींच्या राजीखुशीने झाला होता, दोघीही आनंदात घरी गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी दोन्ही घरची मंडळी व्हरांड्यात उभी होती. त्या दिवसापासून एक नियम मी कधीही मोडलेला नाही: शिकण्याच्या बाजारात घरची वस्तू येत नाही. त्या बाजारात फक्त शाळेच्या पेटीतल्या वस्तू चालतात, त्या सर्वांना सारख्याच मोलाच्या वाटून दिल्या जातात आणि खेळ संपल्यावर पेटीत परत जातात. घरून वस्तू आणायला सांगितले की कोणाकडे काय आहे याचे प्रदर्शन होते, ज्याच्याकडे काही नाही तो भिंतीला टेकून बसतो, आणि विनिमयाऐवजी श्रीमंतीचा पाठ होतो.

पेटी कशाची भरावी हे आधी सांगतो. चिंचोके, गुळगुळीत खडे, छोटे शंख, मातीच्या पणत्या, बाटल्यांची झाकणे, जुन्या कापडाचे चौकोन एवढ्यावर माझे काम भागते. गुंजा मात्र घेऊ नयेत. त्या सुंदर दिसतात आणि सराफाच्या तराजूतला त्यांचा इतिहासही सांगण्यासारखा आहे, पण बी फोडून चावली गेली तर ती विषारी असते. बिट्टीच्या बियांचेही तसेच आहे. आपण लहानपणी त्यांनी खेळलो म्हणून त्या निर्धोक ठरत नाहीत.

खेळ सुरू करण्यापूर्वी एक आठवडा नुसते पाहावे, असा माझा आग्रह आहे. आपल्या वर्गात व्यापार आधीपासूनच चालू आहे, त्याला फक्त तास मिळालेला नाही. मधल्या सुट्टीत लोणच्याच्या फोडीवर अर्धी पोळी जाते, क्रिकेटपटूंच्या एका चकचकीत कार्डावर तीन साधी कार्डे जातात, आणि बोरांच्या हंगामातली पहिली बोरे आणणाऱ्याला जो भाव मिळतो तो पुढच्या पंधरवड्यात कोणालाच मिळत नाही. आपल्या पिढीत गोट्या, काड्यापेटीच्या छापा आणि पोस्टाची तिकिटे होती; वस्तू बदलल्या, व्यवहार तोच राहिला. मी एका छोट्या वहीत या देवघेवी मुलांची नावे न घालता टिपतो आणि नंतर फळ्यावर मांडतो. "बोराचा भाव का उतरला?" या प्रश्नाला चौथीतली मुले पुरवठा हा शब्द न वापरता जे उत्तर देतात, ते पाठ करून आलेल्या उत्तरापेक्षा नेहमीच चांगले असते.

वयाबद्दल थोडेच सांगतो. चार-पाच वर्षांच्या मुलाला दहा रुपयांच्या एका नोटेपेक्षा एक रुपयाची तीन नाणी अधिक वाटू शकतात. बालमानसशास्त्रज्ञ जां पियाजे यांनी दाखवल्याप्रमाणे या वयात तितक्याच वस्तू पसरून मांडल्या की त्या जास्त भासतात. अशा मुलांनी दुकान-दुकान, भातुकली खेळावी; त्यांना सौद्यात उतरवू नये. आठ ते दहा हे वय सर्वांत उत्तम, कारण संख्या पक्की झालेली असते आणि दुसऱ्याला काय हवे असेल याचा अंदाजही बांधता येतो. म्हणजे आपला वर्ग अगदी नेमका आहे.

पहिला खेळ पुडीचा. प्रत्येक मुलाला कागदाची एक बंद पुडी द्यावी. तिच्यात कोणाला लिमलेटच्या दोन गोळ्या, कोणाला पेन्सिल, कोणाला टिकल्यांचे पाकीट, कोणाला छोटा भोवरा, कोणाला फुगा. हा एकच खेळ असा आहे की ज्यातली वस्तू शेवटी मुलाची होते. म्हणून त्या सर्व साधारण एकाच किमतीच्या घ्याव्यात, आणि त्या एकाच किमतीच्या आहेत हे मुलांना आधी सांगू नये. पुडी उघडल्यावर प्रत्येकाने आपल्या वस्तूला एक ते दहा यांतले गुण द्यायचे आणि ते वहीत लिहायचे. फळ्यावर सगळ्या वर्गाची बेरीज करावी. मग फक्त आपल्या रांगेत अदलाबदल करण्याची परवानगी द्यावी, आता हातात असलेल्या वस्तूला पुन्हा गुण द्यावेत आणि पुन्हा बेरीज करावी. तिसऱ्या फेरीत सगळा वर्ग मोकळा करावा.

बेरीज वाढते. वर्गात एकही नवी वस्तू आलेली नसते, एकाही पेन्सिलीची लांबी वाढलेली नसते, तरी बेरीज वाढते, आणि रांगेपेक्षा सगळा वर्ग मोकळा केल्यावर ती अधिक वाढते. या क्षणी शिक्षकाने गप्प राहणे फार महत्त्वाचे असते. "हे जास्तीचे गुण आले कुठून?" एवढेच विचारावे आणि हात पाठीमागे बांधून उभे राहावे. बहुधा पहिला मुलगा म्हणतो की कोणीतरी लबाडी केली. दुसरा बेरीज तपासतो. मग कोणीतरी हळूच म्हणते, "मला भोवरा नको होता, त्याला हवा होता." त्या एका वाक्यासाठी हा सारा खटाटोप असतो. एकाच वस्तूचे मोल दोन माणसांच्या मनात वेगळे असते, म्हणून देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा दोघांचाही एकाच वेळी फायदा होऊ शकतो, ही गोष्ट मोठ्यांच्याही सहज गळी उतरत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या मनात व्यापार म्हणजे एकाने दुसऱ्याला फसवणे असेच समीकरण घट्ट बसलेले असते.

दोन प्रकारच्या मुलांकडे लक्ष ठेवावे लागते. एखाद्या मुलाचे गुण अदलाबदलीनंतर उतरतात. त्याला हसू देऊ नये. त्याला सर्वांसमोर नव्हे, बाजूला घेऊन विचारावे की घेताना त्या वस्तूबद्दल काय ठाऊक नव्हते. दुसरी मुले कोणाशीच काही बदलत नाहीत. ती बुजरी असतील असे लगेच मानू नये. हाती आलेली वस्तू आपली झाली की तिचे मोल आपोआप वाढल्यासारखे वाटते, हा मनुष्यस्वभाव आहे आणि तो वयाने फारसा सुटत नाही. हारबॉ, क्राउझे आणि वेस्टरलुंड या अर्थशास्त्रज्ञांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बालवाडीतल्या मुलांपासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपर्यंत सर्वांत तो आढळला. याउलट जॉन लिस्ट यांना 2003 च्या अभ्यासात खेळाडूंच्या कार्डांच्या बाजारात मुरलेल्या व्यापाऱ्यांमध्ये तो बराच कमी दिसला. सवयीने हात सैल होतो, एवढा अर्थ मी त्यातून घेतो. म्हणून एकाच खेळावर समाधान मानू नये. पण न बदलणाऱ्या मुलाला ढकलूही नये. त्याने दहापैकी दहा गुण दिले असतील तर त्याने बदलावे तरी कशासाठी?

पुडीच्या खेळाने फायदा दिसतो. अडचण दाखवायला दुसरा खेळ लागतो, आणि माझ्या अनुभवात खरा पाठ तोच आहे. वर्गाची चार गावे करावीत. 28 मुलांची सात-सात जणांची चार गावे सरळ होतात. किनाऱ्यावरच्या आगराच्या गावाकडे मीठ, देशावरच्या गावाकडे ज्वारी, कुंभारवाड्याकडे मडकी आणि मेंढपाळांच्या वाडीकडे घोंगड्या. पांढरे खडे म्हणजे मीठ, चिंचोके म्हणजे ज्वारी, पणत्या म्हणजे मडकी आणि कापडाचे चौकोन म्हणजे घोंगड्या. आकडे नीट जुळवले नाहीत तर खेळ अडकतो, म्हणून माझे आकडे येथे देतो. पहिल्या फेरीत किनाऱ्याकडे 16 मीठ, देशाकडे 24 ज्वारी, कुंभारवाड्याकडे 8 मडकी आणि वाडीकडे 4 घोंगड्या असतात. वर्षाच्या बेगमीसाठी प्रत्येक गावाला 4 मीठ, 6 ज्वारी, 2 मडकी आणि 1 घोंगडी हवी असते. प्रत्येक गावातले तिघे फिरतीवर जातात, दोघे आपल्या ओट्यावर बसतात, एकजण नोंद ठेवतो आणि एकजण मालाची राखण करतो.

ही फेरी सोपी आहे. एका घोंगडीला चार मीठ, सहा ज्वारी किंवा दोन मडकी असा भाव मुले दहा-बारा मिनिटांत शोधून काढतात. तो आपण सांगायचा नसतो. काही गावे आधी हावरेपणा करतात, पाच मीठ मागतात, आणि मग त्यांच्या लक्षात येते की समोरच्याने नकार दिला तर आपली मडकी अडून राहतात.

दुसऱ्या फेरीत फक्त तीन गोष्टी बदलाव्यात. किनाऱ्यावर उकाडा आहे, त्यामुळे त्यांना घोंगडी मुळीच नको. मात्र पाणी साठवायला मडकी दोनऐवजी चार हवीत. कुंभारवाड्याला या वर्षी दोन घोंगड्या हव्यात. आणि कुंभारवाड्याकडे मडकी 8 ऐवजी 10 आहेत. बाकी सारे तसेच. आता वाडीची मुले घोंगडी घेऊन मिठासाठी किनाऱ्यावर जातात आणि हात हलवत परत येतात. घोंगडी चांगली आहे, भाव रास्त आहे, मीठही शिल्लक आहे, तरी सौदा होत नाही. मुले चिडतात, भाव पाडून पाहतात, एका घोंगडीला दोनच मीठ द्या म्हणतात. किनारा तरीही मान हलवतो. ज्याच्याकडे मला हवे आहे त्याला माझ्याकडचे हवे असलेच पाहिजे, ही जी वस्तुविनिमयाची मूळ अडचण जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने 1875 मध्ये नेमक्या शब्दांत मांडली, ती वाडीच्या मुलांच्या कपाळावरच्या आठ्यांत स्वच्छ वाचता येते.

येथे शिक्षकाला मदत करण्याचा मोह अनावर होतो. तो आवरावा. एकदा मी तब्बल वीस मिनिटे थांबलो होतो आणि शेजारच्या वर्गाचे गुरुजी गोंगाटाबद्दल दोनदा डोकावून गेले होते. शेवटी वाडीतल्या एका मुलीने आपली दुसरी घोंगडीही कुंभारवाड्याला देऊन गरज नसताना दोन मडकी जास्त घेतली. तिच्याच गावातली मुले तिच्यावर ओरडली. ती काही न बोलता ती दोन मडकी घेऊन किनाऱ्यावर गेली आणि चार मीठ घेऊन आली. स्वतःला नको असलेली वस्तू दुसऱ्या कोणाला तरी हवी आहे म्हणून घेणे, हाच पैशाचा जन्म आहे, हे मी त्या वर्गाला पुढच्या तासाला सांगितले. पण सांगण्याजोगे फारसे उरलेच नव्हते.

तिसरी फेरी घ्यायची असेल तर गावांची संख्या सहा करावी आणि गरजा चिठ्ठीवर लिहून गुप्त ठेवाव्यात. बहुधा मुलांचा ओढा ज्वारीकडे जातो. ती सगळ्यांनाच हवी असते, मोजायला सोपी असते आणि थोडी-थोडी देता येते. घोंगडी अर्धी करता येत नाही. माझ्या एका वर्गात "आधी ज्वारी करून घे, मग काहीही मिळतं" हे वाक्य रूढ झाले होते. या टप्प्यावर कवडीची गोष्ट सांगावी. मालदीवमधून येणाऱ्या कवड्या बंगालमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चलन म्हणून चालत होत्या, आणि 'कवडीमोल', 'फुटकी कवडी' हे शब्द आपल्या बोलण्यात अजून त्या व्यवहाराची आठवण ठेवून आहेत. 'मोबदला' हा शब्दही अदलाबदल या अर्थाच्या अरबी शब्दावरून आपल्याकडे आला आहे. मुलांना अशा शब्दांच्या गोष्टी आवडतात आणि त्यांना वेळही फार लागत नाही.

मोठ्या वर्गांसाठी, म्हणजे सहावीच्या पुढे, मी आर. ए. रॅडफर्ड यांच्या युद्धकैद्यांच्या छावणीची हकिगत सांगतो. दुसऱ्या महायुद्धात ते स्वतः कैदेत होते आणि तेथील व्यवहारांवरचा त्यांचा लेख 1945 मध्ये प्रसिद्ध झाला. रेड क्रॉसकडून सर्वांना साधारण सारखीच खाण्याची पाकिटे मिळत. सिगारेट न ओढणारा आपल्या सिगारेटी देऊन चॉकलेट घेई, आणि हळूहळू सिगारेट हेच छावणीचे चलन झाले. त्यात दोन किस्से आहेत. एक पाद्री चीजचा डबा आणि पाच सिगारेटी घेऊन छावणीत फिरायला निघाला आणि परतला तेव्हा त्याच्याजवळ तो डबा आणि त्या सिगारेटी तर होत्याच, शिवाय एक पूर्ण पाकीटही होते, अशी दंतकथा तेथे चाले. दुसरा किस्सा असा की शीख कैद्यांना डब्यातले गोमांस चालत नसे, आणि उर्दू येणारा एकजण त्यांच्याकडून ते मांस घेऊन बदल्यात लोणी आणि जॅम पुरवत असे. त्याने नवे काही पिकवले नव्हते; दोन गटांत बोलण्याची सोय तेवढी केली होती. मध्यस्थाची कमाई कशाची असते, यावर सातवीतल्या मुलांनी यातून तासभर वाद घातलेला मी ऐकला आहे. मध्यस्थ म्हणजे लुटारू असे शेतकऱ्याच्या घरातली मुले म्हणतात, दुकानदाराच्या घरातली मुले तसे म्हणत नाहीत, आणि दोघांच्याही म्हणण्याला आधार असतो.

आता रडारडीबद्दल, कारण आपला खरा त्रास तोच होता. मी तीन नियम ठेवतो. बोललेला सौदा दोघांनी हात हातात देऊन पक्का करायचा. त्याआधी कोणीही दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. पक्का झालेला सौदा जेवणाच्या सुट्टीपर्यंत कारण न सांगता उलटवता येतो, नंतर नाही. आणि "नाही" म्हणणाऱ्याला का म्हणून विचारायचे नाही. तिसरा नियम सर्वांत कठीण आहे. मुले नकाराला अपमान मानतात, "कट्टी" करण्याची धमकी देतात, दोस्तीची आण घालतात. दोस्तीवर दबाव आणून झालेला सौदा मी फळ्याच्या नोंदीत धरत नाही, आणि तसे का धरत नाही हे सांगतो. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराला अर्थ नसतो, एवढे समजले तर घासाघीस हा शब्दही मुलांना कडू लागत नाही.

राजीखुशी पुरेशी असते का, हा पुढचा प्रश्न आहे. माझ्या वर्गातल्या चांदीच्या साखळीचा सौदा राजीखुशीचाच होता. यासाठी मी एक छोटा खेळ करतो. दोन गावे; एकाकडे मीठ आणि दुसऱ्याकडे चारोळी. मिठाच्या गावाला गुपचूप सांगायचे की शहरात चारोळीला मिठाच्या कितीतरी पट भाव आहे. चारोळीच्या गावाला काहीच सांगायचे नाही. त्यांना फक्त एवढेच ठाऊक असते की मिठाविना जेवण अळणी. सौदा वजनास वजन असा आनंदाने होतो. मग चिठ्ठी सर्वांसमोर वाचायची. चारोळीच्या गावची मुले ज्या नजरेने मिठाच्या गावाकडे पाहतात ती विसरता येत नाही. मग सांगायचे की हे काही खेळातले कल्पित नाही. बस्तरच्या बाजारांत आदिवासींकडून मिठाच्या बदल्यात चारोळी अशाच भावाने घेतली जात असे. खेळात सर्वांना माहिती सारखी आहे की नाही, हे पाहणे शिक्षकाचे काम असते, आणि ती मुद्दाम असमान ठेवली तर शेवटी गुपित उघड करणेही त्याचेच काम असते. मुलांना फसलेल्या अवस्थेत घरी पाठवू नये.

बलुतेदारीविषयी मला विस्ताराने सांगावेसे वाटते, कारण वस्तुविनिमयाचे उदाहरण म्हणून आपल्याकडे पहिला हात तिच्याकडेच जातो आणि तेथे मोठी गफलत होते. लोहाराने फाळ करून दिला आणि शेतकऱ्याने ज्वारी दिली, एवढे सांगितले की ती अदलाबदल वाटते. पण बलुते हा प्रत्येक कामामागे ठरवलेला भाव नव्हता. वर्षभर काम करायचे आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचा, अशी ती रीत होती. काम जातीने ठरलेले होते, गिऱ्हाईक पिढीने ठरलेले होते, आणि काम नाकारण्याची मुभा बहुतेकांना नव्हतीच. महार वतनाखालची ही राबणूक संपवण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते, आणि गावची कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात 1958 मध्ये झाला. मी आधी सांगितलेल्या 'नाही' म्हणण्याच्या कसोटीवर बलुतेदारी उतरत नाही, म्हणून ती विनिमयाच्या खेळात घालू नये. इतिहासाच्या तासाला तिचे तिच्या नावाने बोलावे. त्यातही मुलांना बारा बलुतेदारांच्या भूमिका वाटून देण्याचा प्रकार मी कित्येक स्नेहसंमेलनांत पाहिला आहे आणि तो मला अजिबात मान्य नाही. आडनाव पाहून भूमिका दिली जाते, किंवा तशी दिली नाही तरी मुले मधल्या सुट्टीत तसे म्हणतात. माझ्या चार गावांच्या खेळातही कुंभारवाडा आहे, म्हणून गावांची वाटणी मी नेहमी चिठ्ठ्या टाकून करतो आणि दुसऱ्या फेरीला गावे फिरवतो.

श्रमांची देवघेव दाखवायची असेल तर सावड आणि इर्जिक ही उदाहरणे अधिक चांगली आहेत. एक बैल तुझा, एक माझा, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात, ही सावड. सगळ्यांनी मिळून एकाचे काम उरकायचे आणि त्याने सर्वांना जेवू घालायचे, ही इर्जिक. जुन्नर-आंबेगावच्या डोंगराळ भागातली, मिळून भातखाचरे बांधण्याची पडकई याच कुळातली. येथे मोबदला लगेच मिळत नाही, विश्वास ठेवावा लागतो. वर्गात याचा खेळ करायला साधन लागत नाही: आज तू माझ्या चित्राची चौकट आखून दे, मी शुक्रवारी तुझ्या वहीला पुठ्ठा घालून देईन. शुक्रवारी किती जणांना आठवण राहते, हाच त्या खेळाचा निकाल.

मोजमापही ओघाने येते. चार शेरांची पायली, अर्ध्या शेराचे मापटे, पाव शेराचे चिपटे ही लाकडी किंवा पत्र्याची मापे अजून काही घरांत सापडतात. ती आणून चिंचोके मोजायला द्यावीत. मापाच्या काठावर शीग किती चढवायची यावरून मुलांत जो वाद होतो, त्यातून प्रमाणित मापांची गरज कोणत्याही व्याख्येपेक्षा लवकर समजते.

आपल्या शाळेत बाल आनंद मेळावा होतच असेल. तो अवश्य व्हावा, पण त्याला विनिमयाचा पाठ समजू नये. तेथे बहुतेक भेळ आई करते, गिऱ्हाईक मामा असतो आणि सुटे पैसे गुरुजी पुरवतात. मूल बिचारे फक्त डिश पुढे करते.

वस्तुविनिमय ही केवळ जुन्या काळची गोष्ट नाही, हे दाखवायला दोन उदाहरणे पुरतात. आसामात मोरीगाव जिल्ह्यात जागीरोडजवळ माघ बिहूच्या सुमारास जोनबील मेळा भरतो. डोंगरावरून तिवा, कार्बी, खासी, जयंतिया लोक हळद, आले यांसारखा माल घेऊन उतरतात आणि सपाटीवरच्या लोकांकडून पिठा म्हणजे तांदळाच्या पिठाचे पदार्थ, सुकी मासळी असे जिन्नस घेतात. ही देवघेव पैशाविना होते. आणि दुसरे उदाहरण आपल्या दाराशी येते: जुन्या साड्या आणि पँटी घेऊन स्टीलची भांडी देणारी बोहारीण.

माझे शेवटचे काम नेहमी बोहारीणबाईंना वर्गात बोलावण्याचे असते. त्या साडी उलगडून उजेडासमोर धरतात, तिची जर नखाने खरवडून पाहतात, किनार कुठे विरली आहे ते बरोबर शोधतात आणि मग पातेले न देता डबाच का देणार ते सांगतात. आठ-दहा वर्षांची मुले इतकी शांत दुसऱ्या कोणत्याही पाहुण्यासमोर बसत नाहीत. पहिल्या वर्षी आमच्याकडे आलेल्या बाईंचा धंद्याचा अर्धा दिवस बुडणार होता, म्हणून त्यांना काय द्यावे हे मी मुलांनाच ठरवायला सांगितले. शाल-श्रीफळाची सूचना लगेच आली. मागच्या बाकावरून एकाने विचारले, "पण त्यांना ते हवंय का?" मग दोघांना दाराशी विचारायला पाठवले. बाई हसल्या आणि म्हणाल्या, जुने कपडे द्या, पण फाटके नको. पुढच्या सोमवारी, या वेळी मात्र प्रत्येक घरून आईची चिठ्ठी घेऊन, दोन गाठोडी जमली. त्यांनी ती तेथेच उलगडून पाहिली, तीन कपडे बाजूला काढून परत केले आणि वर्गाच्या पाण्याच्या माठावर ठेवायला एक झाकण दिले.